जुन्या बाईकची बॅटरी चार्ज होत नव्हती. दोष अर्थिंगमध्ये निघाला

लक्षण: हेडलाइट लावून गाडी चालवली की बॅटरी उतरायची, इंडिकेटर मंदावायचे, सेल्फ नुसता टकटक करायचा. इंजिन ४००० आरपीएमवर ठेवूनही बॅटरीवर जेमतेम १३ व्होल्ट. साधारण १३.८ ते १४.५ असायला हवेत.

बॅटरी नवी टाकली, रेक्टिफायर (एसीचा डीसी करून बॅटरीला ठरावीक व्होल्टेज देणारा भाग) बदलला, फरक शून्य. स्टेटरच्या (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) तिन्ही पिवळ्या वायरींवर एसी व्होल्टेज सारखे, बॉडीला शॉर्ट नाही. वैताग आला होता.

शेवटी व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायर आणि जोडांत वाया जाणारे व्होल्ट, मोजला. मीटर डीसीवर, इंजिन ४००० वर, हेडलाइट चालू. लाल प्रोब रेक्टिफायरच्या अर्थ (निगेटिव्ह) वायरवर, काळा थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर: १.१ व्होल्ट! इथे ०.२ च्या आत हवा. पॉझिटिव्ह बाजूला ०.१ च होता. म्हणजे रेक्टिफायर त्याच्या जागी १४.२ बघून खूश आणि बॅटरी उपाशी.

मग इंजिन बंद करून बॅटरीचा निगेटिव्ह काढला. चेसिसवरचा अर्थचा बोल्ट खोलला. टर्मिनलखाली रंग आणि हिरवा गंज. चेसिस पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासली. वायरच्या टोकाची जुनी रिंग कापून नवी क्रिंप केली (दाबून बसवली) (वायर आतून काळी असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा). दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. आधी लावू नका. निगेटिव्ह परत जोडला.

आता ड्रॉप ०.०५, बॅटरीवर १४.१. जुना रेक्टिफायर परत लावून पाहिला, तोही ठणठणीत.