बायबलच्या हस्तलिखितांवरून भांडताय? या चुका टाळा

‘नव्या बायबलमधून वचनं काढून टाकली’ हा मेसेज बडोद्यातल्या आमच्या मंडळींत अधूनमधून उगवतो, आणि अभ्यासवर्गाची ती संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे क्रमांक दिसला नाही की वचन चोरलं, असं धरून चालणं. दांडिया बाजारात एका घरी वर्ग भरतो. तिथे एक मुलगा किंग जेम्स (१६११चं इंग्रजी भाषांतर) आणि न्यू इंटरनॅशनल (आजकालचं इंग्रजी भाषांतर), दोन्ही बायबलं काखोटीला मारून आला. नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८. एकात ३६, ३७, ३८. दुसऱ्यात ३६ झाल्यावर थेट ३८. “बघा काका, बाप्तिस्म्याआधीची कबुलीच उडवली!” दोन ज्येष्ठ त्याच्या बाजूने, एक विरुद्ध, आणि काकूंचा चहा ट्रेमध्येच निवला. त्याच पानाच्या तळाशी, बारीक टायपात, ते वचन अख्खं छापलेलं होतं. तळटीप कुणी वाचलीच नव्हती.

खरी हकीकत अशी. १५१६ साली बाझेलला ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या डच विद्वानाच्या मुख्य हस्तलिखितात हे वचन नव्हतं. दुसऱ्या एका प्रतीच्या समासात सापडलं, ते त्याने मजकुरात घेतलं. वचनांना क्रमांक दिले रोबेर एतिएनने, १५५१च्या आवृत्तीत; तोवर ३७ हा आकडाच नव्हता. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत हे वचन नाही. पण म्हणून ते इरॅस्मसच्या काळात कुणी रचलं, असंही म्हणता येत नाही; दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपला ते माहीत होतं. हे सगळं दोन मिनिटांत सांगून होतं, पण ऐकायला दोन मिनिटं बसणार कोण?

माझी सवय सांगतो. नवी प्रत हाती आली की आधी प्रस्तावना वाचायची आणि ती कोणत्या ग्रीक आवृत्तीवरून केली, ते पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायचं. टेक्स्टस रिसेप्टस (इरॅस्मसच्या मजकुरातून आलेली, किंग जेम्समागची) की नेस्ले-आलांट (जुन्या प्रती तपासून केलेली आधुनिक), एवढं कळलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

दुसरी चूक डोकी मोजण्याची: जास्त प्रतींत आहे म्हणजे बरोबर. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांवर आहेत, बहुतेक नवव्या शतकानंतरची. लग्नपत्रिकेत मुहूर्त चुकीचा छापला आणि पाचशे घरी वाटला, म्हणून तो बरोबर ठरत नाही. पण उलट टोकाचेही महाभाग आहेत: जुनं म्हणजे बिनचूक. सिनाई प्रत बघा, पानोपानी वेगवेगळ्या हातांच्या दुरुस्त्या आहेत. लेखनिक तेव्हाही ओळ गाळायचे. पाठ, म्हणजे प्रतीतले शब्द, कुठून आला आणि का बदलला असेल, हे विचारल्याशिवाय वय आणि संख्या दोन्ही कुचकामी.

बाकीच्या झटपट. मृत समुद्राच्या गुंडाळ्या (तिथल्या गुहांत १९४७पासून सापडलेली जुनी ज्यू हस्तलिखितं) जुन्या कराराच्या वादात काढा, शुभवर्तमानांचा पुरावा म्हणून नाचवू नका. नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत (३२५) बायबलमधली पुस्तकं निवडली गेली नाहीत. १ योहान ५:७ मधला त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा एकच, असा) मजकूर इरॅस्मसच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत नव्हता, १५२२च्या तिसरीत आला. प्रकटीकरण या नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाचं शेवटचं पान त्याच्या प्रतीत नव्हतंच. ती वचनं त्याने लॅटिनवरून ग्रीकमध्ये केली. किंग जेम्सवाल्यांना हे सांगितलं की विषय बदलतात. आणि व्हिडिओ बघून आलेल्यांशी मी बोलत नाही, पुस्तक घेऊन आलेल्यांशी बोलतो.

राहता राहिले बाहेरून मजा बघणारे: “त्यांच्याकडे घोळ, आपले ग्रंथ जसेच्या तसे.” याच बडोद्यात प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ दरम्यान वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती सात खंडांत काढली. वर श्लोक, खाली उत्तरेच्या नि दक्षिणेच्या प्रतींतल्या पाठभेदांची दाटी. त्यातलं एक पान आधी बघून या, मग बसू बोलायला.