मित्राचा व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करायला घेतलाय? आधी प्लग लावू नका

मित्र व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना रेडिओ टेबलावर ठेवतो आणि लगेच म्हणतो, "लावून तर बघू चालतो का." नाही लावायचा. कित्येक वर्षं बंद असलेल्या सेटमधले कपॅसिटर (वीज साठवणारे पार्ट) सुकलेले किंवा लीक झालेले असतात, थेट मेन्सवर टाकला तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो, आणि कपॅसिटर कुठेही मिळतात पण त्या सेटचा ट्रान्सफॉर्मर शोधता शोधता नाकी नऊ येतात.

मित्राला एवढं मात्र आधीच विचारून घ्या की कॅबिनेट चकाचक हवंय की आहे तसंच. काहींना ते ओरखडेच हवे असतात आणि आपण हौसेने पॉलिश मारून मोकळे होतो.

आता सेफ्टी, हे वगळून पुढे जाऊ नका. आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसी सपाट करणारे मोठे कपॅसिटर) राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिप लावून कपॅसिटरवर काही सेकंद धरा, मग मीटरने बघा, मगच हात घाला. दुसरं म्हणजे व्हॉल्व्हचे नंबर वाचा. यूसीएच८१, यूसीएल८२ असे 'यू'वाले असतील तर सेट एसी/डीसी आहे, त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिस (पार्ट बसवलेली धातूची चौकट) थेट मेन्सच्या लाइनला जोडलेली असू शकते, म्हणजे नॉब निघालेला असताना नुसत्या शाफ्टला हात लागला तरी शॉक. अशा सेटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा) लागतोच. पहिल्यांदाच करत असाल तर हा प्रकार जाणकाराकडे द्या.

चॅसिस बाहेर काढायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो, डायलच्या दोरीचे तर दोन-चार जास्तच, कारण ती दोरी कुठून कुठे गुंडाळली होती हे नंतर आठवत नाही. धूळ कोरड्या ब्रशनेच काढा. डायलच्या काचेची अक्षरं मागच्या बाजूने छापलेली असतात, तिथे ओलं फडकं लावलंत तर स्टेशनांची नावं फडक्यावर येतील. व्हॉल्व्हवरचा नंबरही असाच पटकन पुसला जातो. व्हॉल्व्हच्या आत चंदेरी डाग दिसला तर ठीक, तो पांढरा पडला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला.

खरं काम कपॅसिटरचं. मेणाचे, कागदाचे जेवढे दिसतील तेवढे बदला, मोजत बसू नका, मीटरवर बरे दिसणारेही २०० व्होल्टला लीक करतात. त्याजागी ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर, ०.०५ मायक्रोफॅरड लिहिलं असेल तर ०.०४७ बिनधास्त चालतो. मेन्सवर असलेला मात्र एक्स किंवा वाय क्लासचाच (मेन्ससाठीचे सेफ्टी कपॅसिटर), जागेप्रमाणे, म्हणजे मेन्सच्या दोन वायरींमध्ये एक्स, मेन्स ते चॅसिस वाय. सगळ्यात आधी आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या) ग्रिडला, म्हणजे सिग्नल शिरतो त्या टोकाला जाणारा कपलिंग कपॅसिटर बदला. तो लीक झाला की ग्रिड पॉझिटिव्ह होतं, व्हॉल्व्ह भरमसाठ करंट ओढतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक ४५० व्होल्टचे घ्या, पोलॅरिटी दोनदा बघा, आणि जास्त व्हॅल्यू म्हणजे जास्त चांगलं असं समजू नका, ईझेड८० सारखा रेक्टिफायर पहिल्या कपॅसिटरला ५० मायक्रोफॅरडच्या वर सहन करत नाही. एकेक पार्ट काढा, लगेच नवीन लावा, मग पुढचा. रेझिस्टर वयाबरोबर वाढतात, २० टक्क्यांपेक्षा जास्त सरकलेले काढा. वायरचं रबर वाकवल्यावर तडकून पडत असेल तर तीही बदला.

आता प्लग, पण सिरीज बल्बमधून, म्हणजे मेन्सच्या एका वायरमध्ये बल्ब जोडून, ६० वॅटचा साधा फिलामेंटचा, एलईडी चालत नाही. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये आधी रेक्टिफायर काढून ठेवा, व्हॉल्व्हचे फिलामेंट आणि डायल लॅम्प लागले आणि ट्रान्सफॉर्मर थंड राहिला की मगच तो बसवा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरं चाललंय, फुल पेटून तसाच राहिला तर लगेच बंद, कुठेतरी शॉर्ट आहे. स्पीकर जोडलेलाच असू द्या. मग बल्ब काढून थेट मेन्सवर (एसी/डीसी सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच) घेऊन व्होल्टेज बघा, एका हाताने, दुसरा खिशात. आउटपुट व्हॉल्व्ह ईएल८४ असेल तर पिन २ (ग्रिड) वर जवळपास शून्य हवं आणि कॅथोडला, म्हणजे पिन ३ ला, साधारण ७ व्होल्ट. पिन २ वर काही व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तर व्हॉल्व्ह काढून परत मोजा, तरीही राहिले तर कपॅसिटर, गेले तर व्हॉल्व्हच खराब.

व्हॉल्यूमची खरखर आणि बँड स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने सुधारतात. आयएफ कॅनमधले (ट्यूनिंग कॉइलच्या धातूच्या डब्यांमधले) फिरणारे कोअर मात्र "जरा फिरवून बघू" म्हणून फिरवू नका, सिग्नल जनरेटर नसेल तर परत जागेवर आणणं अवघड. मॅजिक आय (स्टेशन नीट लागलंय का दाखवणारा चमकणारा व्हॉल्व्ह) अंधुक असेल तरी रेडिओला काही फरक पडत नाही.

देताना मित्राला सांगा की सुरू व्हायला अर्धा मिनिट लागतो, काही मीटर वायरची एरियल लावायची आणि शॉर्टवेव्ह रात्री जास्त लागतं. मागे पिकअपचं (रेकॉर्ड प्लेयरसाठीचं) सॉकेट असेल तर फोनवरची गाणीही वाजतात, फक्त एसी/डीसी सेटला फोन अजिबात जोडायचा नाही. आणि जोरात हम (घूं असा आवाज) आला किंवा मेण जळल्याचा वास आला तर आधी प्लग काढायचा, मग तुम्हाला फोन.