‘त्याला काही सांगू नका’ : मुलाच्या कॅन्सर-उपचारांत घरच्यांनी टाळायच्या चुका

मुलांच्या कॅन्सर ओपीडीत एक वाक्य रोज कानावर पडतं. "डॉक्टर, त्याच्यासमोर आजाराचं नाव नका घेऊ." सांगणारे बाबा असतात, आजोबा असतात, कधी गावाहून सोबत आलेले मामा. आणि ज्याच्यापासून हे लपवायचं, तो आठ-नऊ वर्षांचा मुलगा फाटकावरची पाटी वाचून आत आलेला असतो. डे-केअरमध्ये शेजारच्या खाटेवरच्या ताईनं "तुला कुठला झालाय? मला ब्लडचा," असं विचारूनही झालेलं असतं.

लहान मुलांत सगळ्यांत जास्त दिसणारा कॅन्सर रक्ताचा, त्यातही एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. एवढा काळ कुठलंही गुपित टिकत नाही. मुलाला फक्त एवढंच कळतं की या विषयावर आईबाबांशी बोलायचं नसतं. मग ते विचारणंच सोडतं आणि घरचे म्हणतात, "बरंय, त्याला अजून काही कळत नाही."

खालच्या बहुतेक चुका प्रेमापोटीच होतात. म्हणून तर त्या सुटायला कठीण.

चूक : आजार लपवणं, किंवा अर्धवट सांगून वेळ मारून नेणं

"थोडा ताप आहे, दोन इंजेक्शनं झाली की घरी," असं सांगून आणलेल्या मुलाला तिसऱ्या इंजेक्शनपासून तुमचं काहीच खरं वाटत नाही. नंतर तुम्ही "हे दुखणार नाही" म्हणालात आणि ते खरोखरच दुखणारं नसलं, तरी ते किंचाळणारच.

सांगायचं म्हणजे रिपोर्ट वाचून दाखवायचा नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला "तुझ्या रक्तात खराब पेशी वाढल्यात, त्यांना घालवायला हे औषध आहे, औषधानं काही दिवस मळमळेल, केस जातील, ते परत येतील" एवढं पुरतं. मोठ्या मुलाला आजाराचं नाव सांगा आणि पुढच्या आठवड्यात काय होणार तेही सांगा. बारा-तेराच्या पुढच्या मुलामुलींना डॉक्टरांशी बोलताना खोलीबाहेर बसवू नका. त्यांच्या शरीराबद्दल बोलणं चाललंय आणि तेच बाहेर, हे त्यांना फार लागतं. पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर उपचारांचा परिणाम होईल का, हा प्रश्न केमो सुरू होण्याआधी विचारायचा असतो. वयात आलेल्या मुलासमोर तो विचारायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांनाच विषय काढायला सांगा.

आणि वय काहीही असो, दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगायलाच हव्यात : हे तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि तुझ्यामुळे कुणाला होणार नाही. लहान मुलं मनात भलतेच हिशेब मांडतात. ताईला मारलं म्हणून झालं, चोरून चॉकलेट खाल्लं म्हणून झालं. त्यात भेटायला आलेली काकू "बाहेरचं अरबट-चरबट खायचा ना, म्हणून" असं बोलून जाते, कुणी ग्रहणाचा विषय काढून आईला दोष देतं. मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं नेमकं कारण सापडत नाही. खाण्यावर किंवा वागण्यावर तर ते ढकलता येतच नाही. काकूंना हे कॉरिडॉरमध्ये गाठून ठणकावून सांगायची जबाबदारी घरातल्या एखाद्या खमक्या माणसावर सोपवा.

चूक : "तो गावी गेला"

वॉर्डातलं एखादं मूल दगावतं. सकाळी खाट रिकामी असते. आपलं मूल विचारतं, "समीर कुठंय?" (नाव आपलं असंच.) आणि आपण म्हणतो, "त्याला गावी पाठवलं."

पुढच्या महिन्यात आपल्या मुलाचे काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) चांगले येतात, डॉक्टर खुशीत म्हणतात, "आठवडाभर गावी जाऊन या." आणि पोरगं रडून आकांत करतं, जायचं नाही म्हणतं. कुणालाच कारण उमगत नाही. "देवाघरी गेला, झोपला" या शब्दांचंही तेच होतं. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला ते शब्दशः कळतं आणि मग भूल देऊन झोपवायची वेळ आली की ते घाबरतं.

त्याऐवजी : "समीर वारला. त्याचा आजार खूप वाढला होता, औषधांना ऐकत नव्हता. आम्हालाही वाईट वाटतंय." त्याचा आजार आणि तुझा आजार वेगळा असेल तर तेही लगेच सांगा.

यानंतर बहुधा तो प्रश्न येतोच, "मीपण मरणार का?" आपली पहिली प्रतिक्रिया "शुभ बोल रे!" अशी असते. ती गिळा. आधी विचारा, "असं का वाटलं तुला?" कधी उत्तर येतं की काल रात्री पोट दुखलं, कधी येतं की तू बाथरूममध्ये रडत होतीस. उत्तर त्या भीतीला द्यायचं. "तू बरा व्हावास म्हणून ही औषधं चालू आहेत, डॉक्टरांना आशा आहे, आणि काही बदललं तर मी तुझ्यापासून लपवणार नाही." खोटं वचन नको. उपचार चालत नसतील, तर हे संभाषण एकट्यानं पेलू नका. मानसोपचारतज्ज्ञ आणि पॅलिएटिव्ह केअरची (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी) टीम याच कामासाठी असते.

चूक : सुईचा धाक

"जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील." हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात बोललं जातं. ज्याला खरोखर दर आठवड्याला सुई घ्यायची आहे, त्याच्या बाबतीत ते क्रूर ठरतं. सुई म्हणजे शिक्षा, असा अर्थ एकदा डोक्यात बसला की प्रत्येक इंजेक्शन हा त्याच्या कुठल्यातरी गुन्ह्याचा निकाल होतो.

सुईच्या वेळी मूल हातात येत नसेल तर पुढच्या गोष्टी करून पाहा. मी या सगळ्यांत मलमाला वरचा नंबर देते.

कातडी बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारून लावा. ते सुईच्या साधारण एक तास आधी लावून वर पट्टीनं झाकायचं असतं. दहा मिनिटं आधी लावून "काही उपयोग झाला नाही" म्हणणारेच जास्त. वारंवार औषध देण्यासाठी पोर्ट (कातडीखाली बसवलेली छोटी डबी) बसवला असेल तर पोर्टवरच्या कातडीलाही ते लावता येतं.

मुलाला आडवं पाडून चौघांनी दाबून धरू नका. मांडीवर, छातीशी टेकवून उभं बसवलं, एक हात तुमच्या कुशीत आणि एक नर्सकडे, की बरीच मुलं शांत राहतात. नर्सना आधी विचारा. बहुतेकींना ही पद्धत माहीत असते, घाईत ती मागे पडते.

निवड द्या, पण खरी. "सुई घ्यायची का?" असं विचारू नका, कारण "नाही" हे उत्तर तुम्ही मानणार नाही आहात. "डावा हात की उजवा? बघायचंय की तोंड फिरवायचंय? मी मोजू की तू मोजतोस?" असं विचारा. त्याला एक काम द्या : हात पुतळ्यासारखा ठेवायचा, ओरडायला पूर्ण परवानगी. साबणाचे फुगे फुंकायला दिले तर श्वास आपोआप लांब होतो. लहानांसाठी हे उत्तम.

आदल्या दिवशी बाहुलीला किंवा टेडीला सुई नसलेली सिरिंज, सलाईनची नळी, चिकटपट्टी देऊन खेळू द्या. बाहुलीवर ते ओरडेल, तिला दहा वेळा टोचेल. टोचू द्या. मनातलं त्याला असंच बाहेर काढता येतं.

तरीही रडलं तर "शूर मुलं रडत नाहीत" नको. हे वाक्य ऐकून मुलं रडणं थांबवत नाहीत, आपल्यासमोर रडणं थांबवतात.

पाठीच्या इंजेक्शनसाठी आणि बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) तपासणीसाठी वेदना कमी करायची किंवा गुंगीची काय सोय आहे, हे पालकांनी स्पष्ट विचारावं. पहिल्या वेळी फार दुखलं तर पुढच्या प्रत्येक वेळेची भीती त्या पहिल्या आठवणीवर उभी राहते.

गोळी थुंकणं ही वेगळी अडचण. एएलएलच्या मेंटेनन्समध्ये, म्हणजे उपचारांच्या शेवटच्या लांब टप्प्यात, रोजच्या गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून "आज राहू दे" हा लाड परवडत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला आधी साखरेची बडीशेप, मग जरा मोठी गोड गोळी, असा ताठ बसून गिळायचा सराव द्या. केमोची गोळी घरी मनानं कुटू नका, फार्मासिस्टना विचारा.

चूक : स्टेरॉईडच्या दिवसांतल्या मुलाला ‘बिघडलेलं’ ठरवणं

सुरुवातीच्या महिन्यात स्टेरॉईड चालू असताना गोड स्वभावाचं मूल रात्री तीनला पुलाव मागतं, मिळाला की ताट भिरकावतं, मग अर्धा तास रडतं. भूक, चिडचिड, झोप उडणं, गाल सुजणं, हे औषधाचे परिणाम आहेत. औषध थांबल्यावर हळूहळू ओसरतात. मुलाला तसं सांगून टाका : "हा राग औषधाचा आहे, तुझा नाही." ते स्वतःलाच घाबरलेलं असतं. पण मारणं-चावणं या दिवसांतही चालणार नाही, हेही ठरलेलं असू द्या. सगळे नियम गेले की मुलाला वाटतं, आपण आता फार दिवस नाही आहोत, म्हणून हे सगळं मिळतंय. झोपायची वेळ, दात घासणं, एखादं छोटं घरकाम तसंच ठेवा. मोबाईलचं काय, ते तुमचं तुम्ही बघा, वॉर्डात कुणालाच ते जमलेलं मी पाहिलं नाही.

गोंधळ फार वाढला तर डॉक्टरांना सांगा, पण स्टेरॉईड स्वतःहून कधीच बंद करू नका.

चूक : मुलाचा फोटो सगळीकडे फिरवणं

पैसे उभे करायचे असतात, म्हणून टक्कल पडलेल्या, नळ्या लावलेल्या मुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. मदत मिळतेही. पण तो फोटो त्याच्या शाळेच्या ग्रुपवरही पोचतो आणि पंधराव्या वर्षीही इंटरनेटवर असतो. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला विचारा, त्याच्याच पसंतीचा फोटो वापरा. त्याआधी सोशल वर्करला भेटा. उपचारांच्या खर्चासाठी सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कॅन्सर झालेल्या मुलांना मदत करणारं ‘इम्पॅक्ट’ फाउंडेशन आहे. मुंबईत राहायची सोय नसलेल्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं 2006 पासून आहेत. तिथं शेजारच्या खोलीतही केमो चालू असलेलं मूल असतं, हा तर अर्धा उपचार.

चूक : दुसरं मूल आजीकडे ठेवून विसरणं

धाकटी अकोल्याला, आईबाबा आणि दादा परळला. तिला सांगितलंय, दादाला बरं नाही. सहा महिन्यांनी तिच्या मार्कांची घसरण आणि पोटदुखी सुरू होते. तिलाही आजाराचं नाव हवं, तिच्यामुळे झालं नाही हे हवं, आणि रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल हवा, ज्यात दादाच्या काउंटचा विषय निघणार नाही. 2015 साली मुलांच्या कॅन्सरमधल्या मानसिक-सामाजिक आधाराची जी पंधरा मानकं प्रसिद्ध झाली, त्यांत भावंडांचा आधार, आईवडिलांचं मानसिक आरोग्य आणि शाळेत परतणं या गोष्टी स्वतंत्रपणे धरल्या आहेत.

आईवडिलांबद्दल एकच : तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतंय, तर वॉर्डातल्या समुपदेशकाला गाठा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं.

चूक : "आधी बरा होऊ दे, मग शाळा"

दोन वर्षं म्हणजे पहिलीतलं मूल थेट तिसरीत. शाळा सुटली की मित्रही सुटतात. डॉक्टर नको म्हणतील ते आठवडे सोडून बाकी अभ्यास चालू ठेवा, दिवसाला अर्धा तास पुरे. मुंबईत कॅनकिड्स या संस्थेची ‘कॅनशाळा’ याच मुलांसाठी आहे.

परतताना वर्गशिक्षकांना आधी भेटा आणि सांगा : आजार संसर्गाचा नाही, टोपी काढायला लावू नका, पीटीला जबरदस्ती नको, आणि वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी फोन करा, कारण या मुलांना तो धोक्याचा असतो. वर्गाला काय सांगायचं, हे मूल ठरवेल. काहींना स्वतः उभं राहून सांगायचं असतं, काहींना अजिबात नाही.

चूक : शेवटची केमो झाली म्हणजे झालं

उपचार संपल्याची घंटा वॉर्डात वाजते, पेढे वाटले जातात, आणि महिन्याभरानं आईला रात्री घाम फुटतो. मुलाला साधा ताप आला तरी सगळं घर पांढरं पडतं. उपचार चालू असताना निदान काहीतरी करत असल्याचं समाधान असतं, ते गेलेलं असतं. हे नेहमीचं आहे. तपासणीच्या आधीचा आठवडा वाईट जाणार हे धरूनच चाला.

मूल दोन आठवडे खेळत नाही, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, शाळेचं नाव काढलं की उलटी करतं, किंवा मोठं मूल मरणाची भाषा करतं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. बरे झालेल्यांना एकमेकांत मिसळायचं असेल तर इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा गट आहे. आणि कोणती औषधं किती दिली याचा गोषवारा डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याची एक प्रत, मूल सोळा-सतरा वर्षांचं झालं की, त्याच्या स्वतःच्या हातात द्या आणि ती वाचताना त्याच्यासोबत बसा.