जुन्या बंदुकीचं मोल करायला शिकताना

शस्त्रविक्रीच्या परवानाधारक दुकानात काम शिकायला आलेला मुलगा बंदूक हातात आली की आधी नळीत डोकावतो. मी त्याला आधी परवाना वाचायला देतो. आपल्याकडे हत्याराचा भाव लोखंड-लाकडावर नंतर ठरतो. कायद्याने ते कोण घेऊ शकतं, यावर आधी ठरतो.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत रोही-रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप) एकनळी, आजोबांची विलायती दुनळी आणि एखादी रायफल अशी हत्यारं असायची. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात, वारशाने आलेली धरूनही. तिसरं विकायला निघालेल्याला घाई असते. गिऱ्हाइकं मात्र मोजकी, कारण घेणाऱ्याकडे परवाना हवा आणि त्यावर जागाही हवी. दोन परवानाधारकांनी आपसात व्यवहार करायचा तरी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. थ्री नॉट थ्रीसारखा (.३०३) लष्करी बोअर निघाला, तर तो साध्या परवान्यावर घेता येत नाही, म्हणून सामान्य गिऱ्हाईक उरतच नाही. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल चालते ती त्यामुळेच.

विलायती मालाचं गणित वेगळं आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. त्याआधी आलेली चांगली रिव्हॉल्व्हर म्हणूनच इथे चढ्या भावाने जाते. पण नुसत्या नावावर जाऊ नका. वेब्ले अँड स्कॉट नावाची रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यातही बनते. बर्मिंगहॅमची जुनी आणि ही, दोन्हींचा भाव एक धरता येत नाही.

मग हत्यार. तोंड सुरक्षित दिशेला, चापावर बोट नाही, आणि मालक ‘रिकामी आहे’ म्हणाला तरी आपण उघडून बघायचं. दुनळीच्या नळ्या काढून उजेडाकडे धरा. आतली प्रकाशाची वर्तुळं सरळ, अखंड दिसली तर नळी चांगली. एखादं वाकडं झालं तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. पिटिंग, म्हणजे गंजाने खाल्लेले खड्डे, नीट बघा. निवडणुकीच्या वेळी जमा करून आणलेली हत्यारं पुष्कळ घरांत तशीच कपाटात जातात, आणि गंज तिथेच धरतो. पुढचं लाकूड काढून, बंदूक मिटून हलवा. खडखड झाली तर सांधा झिजलाय, आणि दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करायचा. आपल्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, म्हणून दस्ता लोखंडाला मिळतो तिथली बारीक चीर नखाने तपासा. नळी, ॲक्शन (म्हणजे नळी बंद करून बार उडवणारा यंत्राचा भाग) आणि पुढचं लाकूड यांवरचे क्रमांक जुळतात का, हेही बघा.

मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटतं ते नळीच्या बुडाशी असलेले प्रूफ मार्क, म्हणजे नळी बाराचा दाब सोसते हे तपासल्याचे छाप, वाचणं. जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात ‘ही निजामाने दिलेली’ असं सांगतात. एका दुनळीबद्दल असंच ऐकलं होतं; नळीखाली मुकुटाखाली बीएनपी असा छाप होता. बर्मिंगहॅमचा हा छाप १९५४च्या नियमांनंतरचा, आणि हैदराबाद संस्थान १९४८लाच विलीन झालेलं. अशी बंदूक नंतर पुन्हा तपासून घेतलेली असू शकते, पण मग जुने छापही शेजारी दिसतात. इथे नव्हते. घरच्यांना वाईट वाटलं, तरी बंदूक म्हणून ती उत्तम होती आणि तेवढाच भाव मी सांगितला. याउलट, संस्थानी काळातला उर्दूतला परवाना किंवा खरेदीची पावती सोबत असेल, तर साध्या बंदुकीलाही संग्राहक वाढीव पैसे देतो. हे कागद वाचून देणारी वडीलधारी मंडळी संभाजीनगरात अजून भेटतात. त्यांच्याकडे जा, आणि जमलं तर स्वतः उर्दू शिका.

विकण्याआधी पॉलिश मारू देऊ नका. मूळ निळा मुलामा फिकट झालेला असला तरी तो मूळ आहे. अमेरिकेतले संग्राहक तो किती टक्के उरलाय यावर प्रत ठरवतात. पण तिथले लिलावाचे आकडे मोबाइलवर दाखवून मालक भाव मागतो, तेव्हा त्याला शांतपणे समजवा. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे तो लिलाव त्याच्यासाठी नाहीच. ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची, बंदूक दुरुस्त करूनही चालणार नाही अशी असेल, तर शस्त्र कायद्याच्या कलम ४५मध्ये तिला त्या कायद्यातून सूट आहे. पण ती तशी आहे हे आपण तोंडी ठरवायचं नाही, प्रशासनाकडून लेखी घ्यायला लावायचं.

डोळा तयार करायला हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं शस्त्रदालन बघा. पहिलं वर्षभर तरी स्वतःचा भाव सांगू नका: आपला अंदाज वहीत लिहा आणि सौदा झाल्यावर शेजारी खरा आकडा मांडा. अहवाल देताना दोन रकमा द्या, एक वापरणाऱ्या परवानाधारकासाठी, दुसरी संग्राहकासाठी, आणि खाली तारीख, परवान्याची स्थिती व दिसलेला प्रत्येक दोष लिहा.