वीस मिनिटांचा सेमिनार आणि एक आलेख

माझ्या पहिल्या सेमिनारला वेळ होती 20 मिनिटं आणि स्लाइड होत्या 42. सतराव्या मिनिटाला मी अजून प्रस्तावनेतच होते. निष्कर्षाची स्लाइड लोकांना दिसली असेल तर जेमतेम तीन सेकंद.

तेव्हापासून मी तयारी शेवटाकडून करते. लॅपटॉप नंतर उघडायचा. आधी कागदावर एक वाक्य लिहायचं, ऐकणाऱ्याच्या डोक्यात उरायला हवं ते. माझा विषय होता पाण्यातला मिथिलीन ब्ल्यू हा रंग सक्रिय कोळशाने काढणं. वाक्य झालं: कोळसा बारीक केला की रंग लवकर निघतो, पण एकूण निघतो तेवढाच. हे दाखवायला एक आलेख पुरला. मग त्याच्यापर्यंत पोचायला जे लागत नाही ते सगळं उडवलं. बारा स्लाइड उरल्या.

आलेखावरच सगळ्यांची घाई होते. तो पडद्यावर आला रे आला की आपण "इथे दिसतंय की..." म्हणून मोकळे, आणि समोरचे अजून अक्ष वाचत असतात. मी बोलायचा क्रमच ठरवून टाकलाय: "आडव्या अक्षावर वेळ, मिनिटांत. उभ्या अक्षावर पाण्यात उरलेला रंग. तो 664 नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स, म्हणजे नमुन्याने किती प्रकाश शोषला ते, मोजून काढलाय. वरची रेषा जाड भुकटीची, खालची बारीक." मग दोन सेकंद गप्प. (उभं राहिल्यावर ते दोन सेकंद संपता संपत नाहीत.) आणि मगच, शेवटाकडे बोट दाखवून: "इथे दोन्ही रेषा एकाच पातळीला येतात."

अक्षांवरचे आकडे सॉफ्टवेअर देतं त्या आकारात ठेवू नका, मागच्या बाकावरून ते मुंग्यांसारखे दिसतात. पिवळी रेषा प्रोजेक्टरवर गायब होते. लाल-हिरवी जोडीही नको, काहींना तो फरक कळत नाही.

मनातल्या मनात वाचणं म्हणजे सराव नव्हे. उभं राहून, मोठ्याने, फोनवर वेळ लावून तीनदा बोलायचं. बारा स्लाइड असूनही पहिल्यांदा माझी 27 मिनिटं झाली होती! कात्री प्रस्तावनेला लावली. पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं, कारण तेव्हा तोंडाला कोरड पडलेली असते. पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर हवीच.

शेवटी "धन्यवाद" अशी स्लाइड लावू नका. ते तोंडाने म्हणा आणि प्रश्नोत्तरं होईपर्यंत निष्कर्षच पडद्यावर राहू द्या. प्रश्न आला की आधी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा म्हणायचा. तेवढाच विचाराला वेळ मिळतो. मला विचारलं गेलं, "ढवळण्याचा वेग बदलला तर?" मी म्हटलं, "तो प्रयोग केलेला नाही, वेग सगळीकडे एकच ठेवला होता." एवढं उत्तर चाललं.

पुढचा प्रश्न कॅलिब्रेशनचा होता, म्हणजे ॲब्सॉर्बन्सवरून रंगाचं प्रमाण कसं काढलं याचा. त्याचा आलेख मी निष्कर्षानंतर, सोळाव्या स्लाइडवर, राखून ठेवला होता. पॉवरपॉइंटमध्ये 16 टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं. अशा राखीव स्लाइडचे नंबर हातातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा, ऐनवेळी आठवत नाहीत.