तीन शिट्ट्या झाल्यावर: शाळांची तिरंदाजी स्पर्धा भरवताना

शाळांच्या संघांसाठी तिरंदाजी स्पर्धा पहिल्यांदा भरवली, तेव्हा वेळापत्रक मी एका संध्याकाळी एकटाच बसून केलं. पाच बाण मारायला दोन मिनिटं, जाऊन बाण काढून आणायला तीन मिनिटं, म्हणजे पाच मिनिटांत एक फेरी. कागदावर सगळं दुपारच्या आत उरकत होतं. प्रत्यक्षात शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा सावल्या लांब पडल्या होत्या, लहान वर्गांतली मुलं दमून गवतावर बसली होती आणि एका संघाची परतीची गाडी खोळंबली होती. बाण मारायला कुणीही जास्त वेळ घेतला नव्हता. वेळ गेला होता तो त्यानंतर, चालण्यात, गुण वाचण्यात, बेरजा जुळवण्यात आणि बाण उपटण्यात. तेव्हापासून जो कुणी अशी स्पर्धा भरवायला निघतो त्याला मी आधी हेच विचारतो, की तीन शिट्ट्या झाल्यावर मैदानावर कोण कुठे जाणार आणि काय करणार, हे ठरवलंत का?

तीन शिट्ट्यांचा अर्थ पुढे सांगतोच. आधी स्पर्धेच्या स्वरूपाबद्दल.

नवख्यांनी स्वतःचं स्वरूप शोधत बसू नये. अमेरिकेत केंटकी राज्यात २००२ साली ‘नॅशनल आर्चरी इन द स्कूल्स प्रोग्रॅम’ सुरू झाला. त्यांची पद्धत मला शाळकरी मुलांसाठी सगळ्यात सोयीची वाटते. १० आणि १५ मीटर अशी दोन अंतरं, ८० सेंटिमीटर व्यासाचा टार्गेट पेपर, प्रत्येक अंतरावर पाच-पाच बाणांच्या तीन फेऱ्या. एकूण ३० बाण, ३०० गुण. तिथे सगळी मुलं एकाच जातीचं धनुष्य वापरतात. त्याला साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, नसते, ओढ १० ते २० पौंडांच्या दरम्यान कमीजास्त करता येते, आणि ते किती मागे खेचायचं हे ठरलेलं नसल्यामुळे उंच आणि बुटक्या दोन्ही मुलांना तेच चालतं. तुमच्याकडच्या शाळा दुसरी धनुष्यं वापरत असतील तर वापरू द्या. पण साइट आणि स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) लावलेलं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, धनुष्य आणि साधं लाकडी धनुष्य एकाच यादीत घेऊ नका. वेगळे गट करा, आणि ते प्रवेशपत्रिकेवर ठळक छापा. स्पर्धेच्या सकाळी यावरून वाद झाला, की त्यात भरडली जातात ती मुलंच.

संघात सहा मुलं घ्यावीत आणि त्यांतल्या सर्वोत्तम चौघांचे गुण धरावेत, असं माझं मत आहे. सहाही जणांचे गुण धरले तर एक मूल आजारी पडलं की अख्खा संघ बाद होतो, आणि ज्याचा दिवस वाईट जातो त्याच्याकडे बाकीचे पाच जण दिवसभर बघत राहतात. दोन संघांची बरोबरी झाली तर पाचव्या मुलाचे गुण बघावेत. त्यामुळे पाचव्या-सहाव्या मुलालाही आपला बाण मोलाचा वाटतो.

आता वेळेचा हिशेब. समजा आठ शाळा आल्या, म्हणजे ४८ मुलं. टार्गेट १२. प्रत्येक टार्गेटवर चार मुलं, दोन-दोनच्या तुकडीने मारणारी. पहिली तुकडी दोन मिनिटं, अदलाबदलीला अर्धा-पाऊण मिनिट, दुसरी तुकडी दोन मिनिटं. इथवर पाच मिनिटं. मग टार्गेटपर्यंत चालणं, प्रत्येक टार्गेटवरच्या २० बाणांचे गुण वाचणं आणि लिहिणं, बाण काढणं, परत येणं, यांना मुलं सहज सात मिनिटं घेतात. म्हणजे एक फेरी बारा मिनिटांची. सहा फेऱ्या आणि प्रत्येक अंतरावर एक सरावाची, अशा आठ फेऱ्या धरल्या तर ९६ मिनिटं. अंतर बदलायला पंधरा मिनिटं ठेवा. दोन तास झाले, आणि त्यात सामान तपासणी, संचलन, बक्षीस समारंभ यांतलं काहीच नाही. आठाऐवजी सोळा शाळा आल्या तर टार्गेट वाढवण्यापेक्षा सकाळ-दुपार अशी दोन सत्रं करा. एका लाइनवर जितकी जास्त मुलं, तितका पंचांच्या नजरेचा पल्ला अपुरा पडतो.

मैदान निवडताना मी आधी टार्गेटच्या मागे काय आहे ते बघतो. मागे रस्ता, पायवाट, वर्गखोल्यांच्या खिडक्या असतील तर ती जागा सोडून द्यायची. मातीचा उंच बांध असेल तर उत्तम. जाळी लावणार असाल तर ती ताणून बांधू नका. ताणलेल्या जाळीतून बाण आरपार जातो. सैल, चुण्या पडलेली जाळी बाणाचा जोर खाते आणि तो तिथेच खाली पडतो. उत्तर गोलार्धात टार्गेट उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे सकाळी किंवा दुपारी सूर्य मुलांच्या डोळ्यांवर येत नाही. टार्गेट थोडं मागे झुकवून, दहा-पंधरा अंशांत, उभं करायचं आणि दोरीने जमिनीशी पक्कं बांधायचं. वाऱ्याने टार्गेट पालथं पडलं तर त्यात रुतलेले सगळे बाण एकदम मोडतात. अंतर बदलताना टार्गेट हलवू नका. मारण्याची लाइन १० आणि १५ मीटरवर आधीच आखून ठेवा आणि मुलांना मागे न्या. थांबण्याची लाइन मारण्याच्या मागच्या लाइनपासून किमान पाच मीटर मागे हवी.

शिट्ट्या जगभर जवळपास सारख्याच आहेत. दोन म्हणजे लाइनवर या. एक म्हणजे मारायला सुरुवात. तीन म्हणजे बाण आणायला पुढे जा. पाच किंवा जास्त म्हणजे जिथे आहात तिथे थांबा, ओढलेली दोरी हळू परत आणा, बाण उतरवा. या शिट्ट्या एकाच माणसाच्या हातात असाव्यात आणि त्या माणसाला दुसरं कोणतंही काम देऊ नये. तीनची शिट्टी देण्याआधी त्याने डावीकडून उजवीकडे सगळी लाइन पाहायची, शेवटचं मूल मागे येऊन त्याने धनुष्य स्टँडवर टांगलं आहे हे डोळ्यांनी बघायचं, आणि मगच शिट्टी तोंडाला लावायची. घड्याळात वेळ संपली म्हणून तीन शिट्ट्या द्यायच्या नसतात. पाच शिट्ट्यांचा सराव मुलांकडून सकाळी एकदा मुद्दाम करून घ्या, बाण न लावता.

एका स्पर्धेत घडलेली गोष्ट सांगतो. पहिलीच फेरी. सातव्या टार्गेटसमोरच्या मुलाचा बाण दोरीवरून निसटला आणि लाइनच्या पुढे, हातभर अंतरावर पडला. दोन्ही बाजूंची मुलं दोरी ओढून उभी. त्याने धनुष्य डाव्या हातात धरलं आणि गुडघ्यावर बसून बाणाकडे हात लांबवला. मी पाच शिट्ट्या दिल्या. सगळी लाइन थांबली, पण माझ्या हाताची थरथर पुढची फेरी होईपर्यंत गेली नाही. मुलगा घाबरून म्हणाला, “सर, माझे बाण कमी पडले असते ना.” चूक त्याची नव्हती, बाण पडला तर काय करायचं हे त्याला आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. आता लाइनमागच्या प्रत्येक पंचाच्या भात्यात दोन जादा बाण असतात. बाण पडला की मुलाने जागेवरून न हलता हात वर करायचा. बाण लाइनपासून तीन मीटरच्या आत पडला असेल तर तो मारलेला धरत नाहीत, पंच मागून दुसरा बाण हातात देतो. हे वाक्य मी सकाळच्या सूचनांत दोनदा सांगतो आणि मुलांकडून एकदा वदवून घेतो.

आता ज्यात सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त डोळ्यांतलं पाणी खर्ची पडतं, त्या गुण लिहिण्याकडे येऊ.

टार्गेटजवळ गेल्यावर पहिला नियम, गुण लिहून होईपर्यंत बाणाला किंवा टार्गेट पेपरला कुणीही हात लावायचा नाही. चार मुलांपैकी एक जण गुण वाचतो, दोघं वेगवेगळ्या स्कोअरशीटवर लिहितात, चौथा बघतो. प्रत्येक मुलाचे बाण मोठ्या गुणाकडून लहानाकडे वाचायचे: दहा, नऊ, सात, पाच, मिस. मिसच्या जागी शून्य न लिहिता एम लिहायचं, कारण घाईत लिहिलेल्या शून्याचं पुढे काहीही करता येतं. फेरीची बेरीज दोघांनी स्वतंत्र करायची आणि जुळली तरच बाण उपटायचे. चूक झाली तर खोडरबर नाही. आकडा एका रेघेने खोडायचा, शेजारी बरोबर आकडा आणि पंचाची सही. मधल्या फेऱ्यांत सांगून ठेवलेली ही शिस्त शेवटी बेरीज टेबलावर तासभर वाचवते. माझ्या पहिल्या स्पर्धेत एकच शीट होती. एका मुलीच्या तिसऱ्या फेरीचे गुण कुणालाच वाचता येईनात, आणि तोवर बाण कधीच भात्यात गेले होते. ती बिचारी सांगत होती ते मला खरं वाटत होतं, पण मला ते धरता आलं नाही. दुसरी शीट त्या दिवसापासून आली.

बाण दोन रंगांच्या मधल्या रेषेला टेकला तर जास्त गुण मिळतात. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात लाल आणि सोनेरी रंगाच्या मधे बाण रुततो, तेव्हा कागद किंचित आत ओढला गेलेला असतो, समोरून रेष दिसते आणि बाजूने दिसत नाही. आठ की नऊ? मुलं भांडत नाहीत, पण चेहरे कसे होतात ते बघवत नाही. अशा वेळी मुलांनी पंचाला हाक मारायची आणि दोन पावलं मागे व्हायचं. पंच भिंगातून आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने बघतो आणि आकडा सांगतो. तो शेवटचा. पंचांना मी एक विनंती करतो, की आकडा सांगताना मुलांच्या डोळ्यांकडे बघून सांगा, शीटकडे बघून नको. गुण कमी मिळाले तरी आपला बाण कुणीतरी नीट पाहिला, हे मुलाला कळतं.

बाण काढण्याआधी प्रत्येक भोकाशेजारी पेनाने बारीक खूण करायची. मुलांच्या हलक्या धनुष्यांचे बाण कधी कधी टार्गेटला लागून खाली पडतात. जुन्या भोकांवर खुणा असतील तर बिनखुणेचं भोक त्या पडलेल्या बाणाचं, आणि त्याचे गुण देता येतात. खुणा नसतील तर मुलाचे हक्काचे गुण बुडतात. आणि बाण आधीच्या बाणाच्या नॉकमध्ये, म्हणजे दोरी बसते त्या मागच्या खाचेत, घुसून तिथेच राहिला तर जितके पहिल्याचे गुण, तितकेच दुसऱ्याचे.

बाण उपटताना टार्गेटसमोर कुणीही उभं राहता कामा नये. एक हात टार्गेट पेपरवर सपाट दाबायचा, दुसऱ्या हाताने बाण टार्गेटजवळ धरून सरळ मागे ओढायचा. रुतलेला बाण अचानक सुटतो आणि त्याचं मागचं टोक मागच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. उडणाऱ्या बाणाची भीती सगळ्यांना असते, या बाणाची कुणाला नसते, म्हणून यावर माझा फार जोर आहे. दर चार टार्गेटमागे एक मोठा माणूस एवढ्यासाठी तरी हवा. टार्गेटकडे जाताना कुणीही धावायचं नाही, हेही त्यातच आलं.

सामान तपासणी फेऱ्यांच्या आधी तासभर. नॉकला तडा, गळालेली पिसं, वाकलेला बाण, दोरीचे सुटलेले धागे, हे सगळं बाजूला काढायचं. कार्बनचा बाण हलका वाकवून कानाशी धरला की तडकलेला असेल तर करकरतो; तो तिथल्या तिथे बाद. प्रत्येक बाणावर शाळेचं अक्षर आणि मुलाचा क्रमांक हवा. मोकळे केस बांधलेले, गळ्यातली साखळी आत, पायात बंद बूट. बाण न लावता दोरी सोडायची नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत बर्फाची सोय जरूर ठेवा, कारण नवख्या मुलांना होणारी नेहमीची इजा म्हणजे धनुष्याच्या हातावर बसलेला दोरीचा फटका.

डावखुरी मुलं लाइनवर उजव्या हाताने मारणाऱ्या शेजाऱ्याच्या समोरासमोर येतात. दोघांनाही ते अवघड वाटतं. आधी सांगून ठेवा, पुरतं.

वेळ उरला तर शेवटी संघासंघांत सामने घ्या. तिघांचा संघ, दोन मिनिटांत सहा बाण, प्रत्येकी दोन, एकामागून एक, हा एक सेट. सेट जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक-एक, आणि आधी पाच गुण करणारा संघ जिंकतो. दिवसभर शांतपणे स्वतःचे आकडे मोजणारी मुलं इथे एकमेकांची नावं घेऊन ओरडतात, आणि पालकही तेव्हाच सतरंजीवरून उठून उभे राहतात.

निकाल लावताना दोघांची बेरीज सारखी आली तर दहाचे बाण मोजतात. हा नियम प्रवेशपत्रिकेवर असू द्या, आणि निकाल वाचण्याआधी पंधरा मिनिटं स्कोअरशीट फलकावर लावून ठेवा. शिक्षकांना काही विचारायचं असेल तर ते तेव्हा विचारतील, बक्षीस हातात गेल्यावर नाही.

सगळे गेल्यावर एक काम राहतं. सकाळी प्रत्येक शाळेने आणलेले बाण मोजून लिहिलेले असतात. जाताना पुन्हा मोजायचे. फरक येतो तितके बाण टार्गेटच्या मागे कुठेतरी असतात. बाण गवतात आडवा सरकतो आणि पात्यांखाली दडतो, वरून दिसत नाही. आम्ही चौघं-पाचजण खांद्याला खांदा लावून, दाताळं ओढत, मागच्या जाळीपासून लाइनपर्यंत येतो. गेल्या खेपेला तीन कमी होते. दोन लगेच सापडले. तिसऱ्यासाठी अंधार पडेपर्यंत मोबाइलच्या उजेडात फिरलो, दुसऱ्या दिवशी सकाळी दव असताना पुन्हा गेलो, तेव्हा अकराव्या टार्गेटमागे तिरप्या उन्हात पिवळं पीस चमकलं. त्यानंतरच मैदान खेळायला मोकळं करायला सांगितलं.