हळदीच्या पेठेतला लॅपटॉप

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळ्यात हळदीचे सौदे जोरात असले की एक तक्रार हमखास येते: ‘ताई, मशीन तापतंय आणि मधेच बंद पडतंय.’ मागच्या चैत्रात एका अडतीतले दिवाणजी असाच लॅपटॉप घेऊन आले. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करायला घेतली की अर्ध्या तासात बंद. व्हायरस असेल म्हणून कुणीतरी फॉरमॅटही मारून दिला होता. मी खालचं झाकण उघडलं तर पंख्याची पाती पिवळीधमक. जिथून गरम हवा बाहेर पडते त्या बारीक जाळीला आतून धूळ, केस आणि हळदीची पूड यांचा थर बसलेला. चिमट्याने टोक धरलं तर घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा सोलून निघाला. वासही हळदीचाच.

प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. त्यात बिघाड काही नसतो, तो जीव वाचवत असतो. म्हणून लॅपटॉप स्लो झाला की रॅम वाढवायच्या आधी पंख्याचा आवाज ऐका आणि बाजूच्या जाळीपाशी हात धरून बघा. पंखा जोरात ओरडतोय आणि हवा मात्र जेमतेम येतेय, म्हणजे जाळी तुंबली.

बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट आत ढकलला जातो. झाकण उघडावंच लागतं. वॉरंटी चालू असेल तर स्वतः हात घालू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. संपली असेल तर मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रू लहानमोठे असतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू चुकून आखूड जागी पिळला की आतला भाग फुटतो, आणि अशी मशीन माझ्याकडे दर महिन्याला येतात. पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवा मारा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. उरलेली धूळ रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने काढा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता पुढे पोचवणारा लेप, वाळून खडूसारखी झाली असेल तर जुनी पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावून गारवा वाढत नाही. पेठेत दर तीन-चार महिन्यांनी, घरात वर्षातून एकदा एवढं केलं तरी मशीन नीट चालतं. आणि गादीवर, उशीवर ठेवून काम करू नका, खालची भोकं बुजतात. साधा लाकडी पाट चालतो.

चहा सांडला तर पहिलं काम पुसणं नव्हे. भिंतीवरचं बटण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि लॅपटॉप तंबूसारखा पालथा घाला. तांदळात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका. ‘दोन दिवस वाळवला, चालू झाला’ म्हणून लोक निश्चिंत होतात. महिन्याभराने बोर्ड उघडला की दुधासाखरेच्या डागाखाली तांब्यावर हिरवा गंज चढलेला असतो. त्याच दिवशी उघडून धुतला तर बहुतेक वेळा वाचतो.

बॅटरीचं थोडक्यात: दिवसभर चार्जर लावूनच काम असेल तर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी चार्जिंग थांबवा. दाबू नका, टोचू नका, आग लागते. आणि धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

शेवटी पुराचं, कारण हे आपल्याच गावाचं दुखणं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या टेबलावर गाळाने भरलेली मशीन येत होती. त्यात वर्षांचे हिशेब होते, एका मुलीचा पूर्ण झालेला प्रबंध होता. म्हणून पुलाची पातळी ४० फुटांकडे सरकली की मी ओळखीच्या सगळ्यांना फोन करते: डेटाची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती पूररेषेबाहेरच्या पाहुण्यांकडे पाठवा. लॅपटॉप माळ्यावर ठेवू नका, सोबत घ्या. तरीही भिजलाच तर चालू करून बघू नका, चार्जर लावू नका. गाळासकट, आहे तसाच घेऊन या.